जुन्या टेम्पो ट्रॅव्हलर कॅम्परला दुसरं इंजिन टाकायचंय, सातारा-सांगलीकडे स्वस्तात कुठं होईल?

तुमची १९९९ ची ट्रॅव्हलर, आत बेड-किचन केलंय, इंजिन धूर मारतंय आणि गॅरेजवाला म्हणतोय की पिकअपचं इंजिन टाकू, तर हे काम कमी पैशात कोण करेल असं विचारलंय तुम्ही. मी मिरजेचा, माझ्याकडेही त्याच काळातली ट्रॅव्हलर आहे आणि ह्या सगळ्यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुसऱ्या कंपनीचं इंजिन टाकू नका, हे आधीच सांगतो. तुमच्या गाडीत असणार ते बजाज टेम्पोचं मर्सिडीजच्या लायसन्सवरचं ओएम ६१६, २.४ लिटर, चार सिलिंडर, कसलंही इलेक्ट्रॉनिक्स नसलेलं डिझेल. हेच इंजिन त्याच कंपनीच्या ट्रॅक्स जीपला होतं, आणि ट्रॅक्स आपल्याकडे वडापला (शेअर प्रवासी वाहतुकीला) गावोगाव पळाल्यात, त्यामुळे हे इंजिन डोळे झाकून खोलणारा फिटर कराडला मिळतो, विट्यात मिळतो, जतला पण मिळतो, फक्त पन्नाशीच्या पुढचा माणूस शोधा. चकाचक गॅरेजमध्ये जाऊ नका, स्टँडच्या आसपास वडापवाल्या ड्रायव्हरांना विचारा "ट्रॅक्सचं इंजिनकाम कोण चांगलं करतं", दोन-तीन ठिकाणी एकच नाव आलं की तोच तुमचा माणूस.

मी हे ऐकलं नव्हतं आणि एका गॅरेजमध्ये पिकअपचं इंजिन बसवून घेतलं. इंजिन स्वस्त मिळालं, पण पुढचं कोण सांगत नाही. फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते माउंटिंग) कापून नवीन वेल्डिंग केलं, चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) खाली चेसिसच्या आडव्या क्रॉस मेंबरला घासायला लागलं, गिअरबॉक्स जुळेना म्हणून तोही बदलला, मग प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) कमी पडला तो वाढवून बॅलन्स करून घेतला, रेडिएटर पुरेना, वायरिंग वेगळं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे व्हॅक्युम पंपाची जोडणी नीट केलीच नव्हती. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला डिझेल इंजिन स्वतःहून पुरेसं व्हॅक्युम देत नाही, त्याला पंप लागतो. कासवरून येताना यवतेश्वरच्या घाटात ब्रेक पेडल दगडासारखं कडक झालं, मागे बायको आणि दोन पोरं झोपलेली. पहिल्या गिअरमध्ये हँडब्रेक लावत लावत साताऱ्यात उतरलो. त्या दिवसानंतर ते इंजिन काढूनच टाकलं.

मग जे केलं ते असं. जुनं इंजिन भंगारात दिलं नव्हतं हे नशीब. पहिल्यांदा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक केलं, इंजिन गरम असताना, चारही सिलिंडरमधला फरक ३ बारच्या आत हवा, माझा त्यापेक्षा बराच जास्त निघाला. ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभका धूर येतो का हे तर तुम्ही आजच बघू शकता, येत असेल तर पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरचे लायनर (आतली नळी) गेलेत. आणि धूर काळा असेल, पण झाकणातून काही येत नसेल, तर थांबा, आधी फक्त डिझेल पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला (तपासून सेट करायला) द्या, कदाचित इंजिन खोलायची गरजच पडणार नाही.

पैसे वाचले ते काम वाटून दिल्यामुळे. फिटरने इंजिन उतरवून खोललं, ब्लॉक, क्रँक आणि हेड मी स्वतः मशीन शॉपला नेलं. कुपवाड एमआयडीसीत होतं, नाहीतर कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात, तिथं ऑइल इंजिनांची पिढ्यानपिढ्यांची कामं आहेत. क्रँक ग्राइंड करून जेवढा बारीक झाला, बेअरिंग त्याच अंडरसाइझचे घ्यायचे, मापं कागदावर लिहून घ्या. सगळं मिळून मला ६८ हजार लागले, पिकअपच्या उद्योगात त्याच्या जवळजवळ दुप्पट गेले होते.

ब्लॉकच क्रॅक असेल तर ट्रॅक्सचं ओएम ६१६ बघा, पण उतरवायच्या आधी चालू करून ऐका आणि चेंबर-फाउंडेशन तुमच्या इंजिनाशी ताडून बघा. पक्कं बिल आणि ज्या गाडीचं इंजिन आहे तिची आरसी रद्द झाल्याचा कागद घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. चोरीचं इंजिन निघालं तर गाडी पोलिस स्टेशनला जाऊन बसेल.

आता कागदं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ च्या जानेवारीत हेच सांगितलंय. त्याच टाइपचं इंजिन असलं तरी आरटीओची परवानगी आधी घ्या आणि नवीन इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. एमएच ११ असेल तर सातारा, एमएच ५० कराड, एमएच १० सांगली. तुमची गाडी १५ वर्षांच्या पुढची, खासगी नोंदणी असेल तर दर ५ वर्षांनी पासिंग होणार, त्या वेळी इंजिन नंबर जुळला नाही तर तिथंच अडकाल, आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले हेच कारण पुढं करतील. सीट काढून बेड केलेत ते आरसीवर आहे का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर घाटात नेऊ नका, पाचशेला ऑइल-फिल्टर बदला. झाकणातून धूर येतो का आणि कॉम्प्रेशन किती येतंय एवढं बघून कळवा, मग लायनर बदलायचे का नुसत्या रिंगवर भागेल ते सांगतो.