ते फोटो पुढे पाठवू नकोस

प्रिय,

तुझा मेसेज मिळाला. समोरच्या उमेदवाराचे त्याच्या पुरुष जोडीदारासोबतचे फोटो कुणीतरी आणून दिलेत आणि 'आपण काही बोलायचं नाही, फक्त दोन-तीन ग्रुपवर सोडून द्यायचे' असा आग्रह चाललाय. सभेत तो धर्म आणि संस्कारांवर बोलतो, म्हणून त्याचं ढोंग असं उघडं पाडणं योग्यच आहे, असं तुझे कार्यकर्ते म्हणतात. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. फोटो आजच डिलीट करायला लाव, आणि हे तुझ्या तोंडाने, सगळ्यांसमोर सांग.

ढोंग उघडं पाडायचा मोह मला समजतो. पण तो सभागृहात कुणाच्या विरोधात हात वर करतो, भाषणात कुणाला हिणवतो, हे सगळं जाहीर आहे. तिथे त्याला गाठ, अजिबात सोडू नकोस. फोटोंचा घाव मात्र एकट्या त्याच्यावर बसत नाही. प्रभागात असा एखादा मुलगा असतोच, ज्याने घरी अजून काही सांगितलेलं नाही. वडिलांच्या फोनवर तो फोटो येतो, घरातले हसतात, आणि आपल्याबद्दल कळलं तर हे काय म्हणतील याचं उत्तर त्याला तिथल्या तिथे मिळतं. निवडून आलात तर त्याचेही प्रतिनिधी तुम्हीच असणार आहात.

लंडनमधल्या बर्मंडसी मतदारसंघाची १९८३ची पोटनिवडणूक वाचून काढ. लोकसभेसारख्या सभागृहाची जागा होती, पण प्रचार गल्लीपातळीवरचा. मजूर पक्षाचे पीटर टॅचेल समलैंगिक आहेत यावरून निनावी पत्रकं वाटली गेली, त्यांत त्यांचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा होता. लिबरल पक्षाचे सायमन ह्यूज जिंकले. २००६ मध्ये ह्यूज यांनी आपले पुरुषांशीही संबंध होते हे मान्य केलं आणि त्या प्रचाराबद्दल माफी मागितली. तेवीस वर्षांनी! 'पत्रक आमचं नव्हतं' हा बचाव तुझे लोकही करतील. पण ज्या घाणीचा फायदा आपल्याला होतो, ती थांबवायची जबाबदारी आपल्यावर येतेच.

आता श्रद्धेचं. तुला दारोदार विचारतील, देव मानता का, अशा संबंधांना पाप मानता का. ब्रिटनच्याच लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते टिम फॅरन यांना २०१७च्या प्रचारात हे पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. ते श्रद्धाळू ख्रिश्चन. आधी त्यांनी टाळलं, मग 'नाही' म्हणाले, निवडणुकीनंतर नेतेपद सोडलं, आणि २०१८ मध्ये त्या 'नाही'चा पश्चात्ताप बोलून दाखवला. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. श्रद्धाळू माणसाला कोंडीत पकडणं हीदेखील क्रूरताच आहे. तरीही टाळाटाळीने प्रश्न मिटत नाही. श्रद्धा असेल तर आहे म्हण, नसेल तर नाही म्हण, आणि लगेच पदाबद्दल बोल: तक्रार घेताना, दाखल्यावर सही करताना मी कुणाचं घर कसं आहे हे पाहणार नाही. एखाद्या कामावर सही करायला तुझी श्रद्धा आड येणार असेल, तर ते मतदानाआधीच सांग. मतदाराला तेवढं कळायलाच हवं. आणि प्रार्थनेला नेहमी जात असशील तर जरूर जा, फक्त फोटोग्राफर नको.

लोक ऐकणार नाहीत असं धरून चालू नकोस. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा महिला राखीव जागेवरचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्यांनी फेटाळला होता. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना लढू दिलं, आणि त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. गावानेच मतं दिली ना!

उद्या सकाळी प्रचाराला निघण्याआधी सगळ्यांना एकत्र बसव. फोटो ज्याच्या ज्याच्याकडे गेलेत त्या प्रत्येकाशी स्वतः बोल. एखादा ऐकत नसेल, तर तो कितीही मतं आणणारा असो, त्याला प्रचारातून बाजूला कर. आणि फोटो तरीही बाहेर आलेच, तर समोरच्या उमेदवाराच्या बाजूने पहिलं जाहीर निवेदन तुझं असू दे.