पडीक शेतातला लव्हाळा आणि हरळी, सुरुवात कशी करायची

भावा, मुंबईहून येऊन पडीक शेत परत कसायला घेतलंस ते बेस्ट केलंस, पण लव्हाळा आणि हरळी ही चिवट तणं, त्यातला लव्हाळा एका पावसाळ्यात संपेल हे डोक्यातून काढ, दोन-तीन वर्षं धरूनच चाल.

पहिली गोष्ट, घाईने रोटाव्हेटर फिरवू नको. नवीन माणूस हमखास तेच करतो, शेत आठ दिवस चकाचक दिसतं आणि मग दुप्पट उगवतं, कारण हरळीच्या कांडीचा तुकडा पडला की तिथे नवीन रोप. लव्हाळा उपटून बघ, हातात पात येते आणि खाली काळ्या गाठी दोऱ्यात ओवल्यासारख्या तशाच राहतात, वरची तुटली की खालच्या झोपलेल्या फुटायला लागतात.

म्हणून:

- भात कापलं की ओल असतानाच नांगर, नंतर आपली तांबडी माती नांगराला दाद देत नाही.
- एप्रिल-मेच्या उन्हात ढेकळं उलटी पडू दे, गाठी पार सुकल्या तरच मरतात.
- हरळीच्या काशा (जमिनीतल्या कांड्या) वेचून बांधावर टाकू नको (सगळे टाकतात!), वाळवून जाळ.
- लावणीला चिखलणी नीट कर आणि पाणी उभं ठेव, लव्हाळ्याला ते मानवत नाही.

ग्लायफोसेट या तणनाशकाचं म्हणशील तर उभ्या भातात अजिबात नाही, भातच जाईल. 2022 साली केंद्राने त्यावर निर्बंधही घातलेत, तेव्हा आधी कृषी सहाय्यकाला विचार. आणि व्हाळाच्या (ओढ्याच्या) गढूळ पाण्यात कालवलंस तर पैसे पाण्यात, मातीला चिकटून ते निकामी होतं. बाकीची औषधं यंदा राहू देत, आधी नांगरटीचं बघ.