पहिला फ्लॅट घेताना दुसऱ्या गिऱ्हाइकाने भाव वाढवला, तर आपणही वाढवावा का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात ५२ लाखांना ठरत आलेल्या रीसेल फ्लॅटला दुसरं कोणी ५४ देतंय, आणि तुमच्या हातात १२ लाख आहेत. स्पष्टच सांगतो, १२ लाखांत ५२चाही बसत नाही. ८० टक्के कर्ज पूर्ण मिळालं तरी तुमचे १०.४० लाख लागतील. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ३.६४ लाख, वर नोंदणीचे ३० हजार. हे दोन्ही बँक कर्जात धरत नाही. झाले १४ लाखांच्या वर, आणि एजंटचं कमिशन अजून यायचंय.

आता आमची गंमत ऐका. २०२३, पुण्यातलंच धायरी, भाव हाच, ५२. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस आला, लेझरने भिंती मोजल्या. मालकांनी बंद करून घेतलेली बाल्कनी मोठ्या कौतुकाने दाखवली, तर गडी नुसता हसला. त्याच्या लेखी ती खोली नव्हतीच. रिपोर्ट ४८ लाखांचा. करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांत जे कमी, त्यावर कर्ज. ४१.६०चे झाले ३८.४०. ते ३.२० लाख बायकोच्या पाटल्या गहाण टाकून उभे केले.

म्हणजे व्हॅल्युएशनच्या वर तुम्ही बोलाल तो प्रत्येक रुपया तुमच्या खिशातला. त्या वरच्या २ लाखांना बँक हात लावेलच असं नाही.

आमच्या वेळीही दुसरी पार्टी दीड लाख जास्त द्यायला तयार होती, पण त्यांची कर्जाची फाइलच लागली नव्हती. मालक काकांना जूनच्या आत नागपूरला मुलीकडे जायचं होतं. मी बँकेचं सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र, टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, "रजिस्ट्रेशन कधी करता?"

तुमच्या मालकांना घाई कशाची आहे ते आधी काढा. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ देऊन या आठवड्यातच सँक्शन घ्या. ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात मालकांच्या पैशातून १ टक्का टीडीएस, म्हणजे त्यांचा आगाऊ प्राप्तिकर, कापून तुम्हालाच भरायचा असतो, हे त्यांना आजच सांगा; आमचे काका ऐनवेळी भडकले होते. फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर घेतला, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. आम्हाला हे नोंदणीच्या रांगेत कळलं, ५२ हजार गेले ते गेलेच.

आणि टोकन, म्हणजे बयाणा, द्याल तेव्हा पावतीवर "कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत" हे वाक्य लिहून घ्या, मालकाच्या सहीसकट. एजंट म्हणेल, "त्याची काही गरज नसते हो." तरी घ्या.