फवारणीचा ड्रोन आणि क्वांटम संगणकाची धास्ती

प्रश्न : आमच्या संत्राबागेत आम्ही भाड्याच्या ड्रोनने फवारणी करून घेतो. क्वांटम संगणक आले की ड्रोनचे संदेश कोणालाही फोडता येतील आणि प्रकाशकणांतून किल्ली (संदेश झाकण्या-उलगडण्याचा गुप्त आकडा) पाठवणे हाच त्यावर उपाय आहे, असे नागपुरात एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे का?
– एक बागायतदार, काटोल (जि. नागपूर)

उत्तर : धोका खरा आहे, पण सरसकट नाही. गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या, क्वांटम संगणकावर चालणाऱ्या गणिती रीतीमुळे दोन टोकांनी किल्ली ठरवण्याच्या आणि डिजिटल सही तपासण्याच्या आजच्या प्रचलित पद्धती मोडतील; मात्र एकदा ठरलेल्या २५६ बिटांच्या किल्लीने एईएस पद्धतीत कूटबद्ध केलेला मजकूर त्यानंतरही सुरक्षित राहील, असे मानले जाते.

प्रकाशकणांची यंत्रणा शेतावरच्या ड्रोनसाठी सध्या तरी व्यवहार्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. इस्रोने २०२१ मध्ये अहमदाबादेत ३०० मीटर अंतरावर मोकळ्या हवेतून असा प्रयोग यशस्वी केला, परंतु तो दोन स्थिर इमारतींमध्ये आणि सूर्यप्रकाशाचा अडथळा नको म्हणून रात्री केला होता. विदर्भातल्या उन्हात, वाऱ्याने हलणाऱ्या ड्रोनवर एकेक प्रकाशकण अचूक टिपणे फार अवघड आहे.

त्यापेक्षा जवळचा मार्ग क्वांटम संगणकापुढेही टिकतील अशा नव्या गणिती पद्धतींचा आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांची पहिली मानके जाहीर केली. खरी अडचण आकाराची आहे. आजच्या एका प्रचलित पद्धतीची सार्वजनिक (उघडपणे पाठवायची) किल्ली ३२ बाइटांत मावते, तर एमएल-केम-७६८ या नव्या पद्धतीची किल्ली १,१८४ बाइटांची असते. अनेक ड्रोनांत वापरल्या जाणाऱ्या मॅवलिंक या संदेशवहन प्रणालीच्या एका संदेशात जास्तीत जास्त २५५ बाइट मजकूर जातो. म्हणजे ती किल्ली पाच तुकड्यांत पाठवावी लागते, आणि कमी वेगाच्या रेडिओवर एक तुकडा गळाला तरी तो मिळेपर्यंत पुढचे काम अडते. म्हणून ही देवाणघेवाण उड्डाणापूर्वी, जमिनीवरच केबलने उरकावी आणि हवेत फक्त ठरलेली किल्ली वापरावी, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

तुमच्यापुढचा आजचा प्रश्न मात्र याहून साधा आहे. मॅवलिंकमध्ये संदेशावर सही (तो खऱ्या ठिकाणाहूनच आल्याची खूण) करण्याची सोय असली, तरी ती मुद्दाम चालू करावी लागते. ती दोन्ही टोकांकडे असलेल्या एकाच गुप्त किल्लीवर चालत असल्याने शोर यांच्या रीतीने मोडत नाही, मात्र तिने संदेश झाकलाही जात नाही. तेव्हा तुमचा ड्रोन या प्रणालीवर चालत असेल तर ही सोय चालू आहे का, आणि ड्रोनमधील सॉफ्टवेअरची सही तपासण्याची पद्धत पुढे बदलता येईल का, हे ड्रोन भाड्याने देणाऱ्याला पुढच्या फवारणीआधी अवश्य विचारा.