दहिसर नदी उगमापासून खाडीपर्यंत पायी बघता येते का?

कराडहून आलेल्या आई-वडिलांना घेऊन मुंबईतल्या दहिसर नदीच्या काठाने चालत खाडीपर्यंत जायचं आणि जमलं तर होडीत बसायचं, असं तुम्ही म्हणताय. नदी जेमतेम बारा किलोमीटरची असली तरी सलग चालता येत नाही. उगम तुळशी तलावापाशी आहे. १८७९ सालापासूनचा हा तलाव शहराला पिण्याचं पाणी देतो, त्यामुळे तिथे सहज जाऊ देत नाहीत. तरी नदी तुकड्यातुकड्यांनी जरूर बघा, आणि वरून खाली याच क्रमाने बघा. जंगलातलं पाणी आधी पाहिलं की पुढे तिचं आपण काय केलंय ते कुणी सांगावं लागत नाही.

बोरिवली पूर्वेच्या राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य दाराने सकाळी लवकर आत शिरा. सोमवारी उद्यान बंद असतं. कान्हेरीच्या रस्त्याला लागलात की झाडीतून नदी अधूनमधून दिसत राहते. आई-वडिलांना लेण्यांपर्यंतची चाल झेपणार नाही, वर बसने न्या. लेण्यांत खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या, म्हणजे टाकी, मात्र चुकवू नका. डोंगरावरचं पावसाचं पाणी पन्हळींतून टाक्यांत कसं उतरवलंय हे पाहताना मी दर वेळी थक्क होते. शिलोंड्याची वाट ओढ्याकाठची, फार सुंदर आहे, पण तिथे आपलं आपण जाऊ नये. निसर्ग माहिती केंद्रात विचारून वाटाड्यासोबतच जा. हे बिबट्यांचं जंगल आहे.

पावसाळ्यात एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते: ओढ्यात उतरू नका. डोंगर उतरणीचा, नदीची लांबी थोडी, त्यामुळे वर सर आली की खाली पाणी बघता बघता चढतं. त्यात समुद्राला मोठी भरती असेल तर खालचं पाणी बाहेर पडत नाही आणि वस्त्यांत शिरतं. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आधीच जाहीर होतात. त्या दिवशी जोराचा पाऊस असेल तर बेत पुढे ढकला.

उद्यानाबाहेर श्रीकृष्ण नगर, दौलत नगर हा पट्टा फिरायला नेण्यासारखा नाही. पुलावर पाच मिनिटं थांबा, पुरे. तबेल्यांचं शेण, सांडपाणी, कचरा, आणि दोन्ही काठांना उंच भिंती. भिंती पुरासाठी बांधल्या हे मान्य, पण नदीशी लोकांचा संबंधच त्यांनी तोडला असं माझं ठाम मत आहे. घाण पाणी वरच अडवून शुद्ध केलं तर ही नदी परत येईल, कारण वरचं पाणी अजून जिवंत आहे. मुंबईतल्या नद्या वाचवण्यासाठी झटणाऱ्या 'रिव्हर मार्च' या नागरिकांच्या चळवळीतली मंडळी हेच सांगत आली आहेत. वेळ असेल तर त्यांच्या एखाद्या फेरीत सामील व्हा.

होडीसाठी बोरिवली पश्चिमेला गोराई जेट्टी गाठा. नदी ज्या मनोरी खाडीला मिळते, तीच ही खाडी. पलीकडे गोराई गावाला जायला फेरीबोट मिळते. दोन्ही काठांना तिवरं, बगळे, खंड्या. ओहोटीला चिखल उघडा पडला की निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, टुणटुण उड्या मारताना दिसतात, वडिलांना ते नक्की आवडेल. मात्र तेव्हा जेट्टीच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, म्हणून दोघांना चढवता-उतरवताना भरतीचं पाणी असलेलंच बरं. परतीची शेवटची बोट किती वाजता ते जातानाच विचारून ठेवा.