कायदे कडक झाले, मुली शिकल्या, तरी स्त्रियांवरचे गुन्हे का थांबत नाहीत?

या प्रश्नावर ‘भर चौकात फाशी द्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर २०१३ मध्ये कायदा कडक झाला, चौघांना २०२० मध्ये फाशीही झाली. पण गुन्ह्यांचा सगळ्यात मोठा गठ्ठा अंधाऱ्या रस्त्यावरचा नाहीच, घरातला आहे. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी केंद्राची संस्था) २०२२ च्या अहवालात स्त्रियांवरच्या गुन्ह्यांच्या ४,४५,२५६ नोंदी आहेत. त्यातल्या ३१ टक्क्यांहून जास्त नवरा आणि सासरच्यांच्या छळाच्या.

माझी मामेबहीण इंजिनिअर, स्वतःचा पगार. नवऱ्यानं कुकरचं झाकण फेकून मारलं, भुवईवर टाके पडले. पोलीस ठाण्यात अंमलदारानं ‘घरगुती कारणावरून बाचाबाची व किरकोळ मारहाण’ असं लिहून एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद हातात ठेवला. ‘मॅडम, उद्या हे दोघं एक होतील, वाईट आम्ही.’ मी एफआयआरसाठी हटून बसले होते, तेवढ्यात मामांनीच हात जोडले. ‘राहू द्या साहेब, धाकटीचं जमवायचंय अजून.’

अंमलदार परका होता हो. हा बाप!

आठवडाभरात मामा तिला सासरी पोचवून आले. जाताना जावयाला शर्टपीस. टाके हिला, आहेर त्याला. पुढच्या वेळी हात उगारताना तो म्हणाला, ‘जा की माहेरी, तेच आणून सोडतील.’ गुन्हे का थांबत नाहीत, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच.

नवरा-सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८अ १९८३ मध्ये आलं (आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५). २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात घर कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथं राहायचा हक्क आहे. एफआयआर नसली तरी संरक्षण अधिकाऱ्यामार्फत थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बहिणीनं शेवटी तोच केला, माहेरी न सांगता. टाक्यांचा केसपेपर तिनं जपून ठेवला होता, तो कामाला आला. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर आधी केसपेपर घ्यायला सांगा, नातेवाईक नंतर गोळा करा.

खोट्या केसेस होतच नाहीत असं मी म्हणत नाही. सरसकट अटकेला सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच लगाम घातलाय. आणि बलात्कार, ॲसिड हल्ले यांची कारणं वेगळी, त्यावर जाणकारांनी लिहावं.

मामा अजून म्हणतात, ‘मी नमतं घेतलं म्हणून धाकटीचं लग्न झालं.’ मामा, धाकटीच्या सासूला थोरलीचं सगळं बैठकीच्या आधीपासून ठाऊक होतं. तिनंच मला सांगितलंय.