बोर्दोवरची मतं वाचताना

फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनवर समीक्षक लिहितात तेव्हा त्यांच्या नुसत्या गुणांवर जाऊ नका. बोर्दोतल्या सेंट एमिलियन भागातल्या शातो पावी या वाइनरीची 2003 ची वाइन घ्या. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी ती डोक्यावर घेतली. ब्रिटिश समीक्षिका जॅन्सिस रॉबिन्सन यांनी 20 पैकी 12 गुण दिले आणि पोर्ट या पोर्तुगालच्या गोड, कडक वाइनची आठवण काढली. त्या वर्षी युरोपात कडक उन्हाळा होता, द्राक्षं फार पिकली. तोच जडपणा एकाला वैभव वाटला, दुसरीला दोष. म्हणून आकड्याआधी वर्णन वाचा आणि सुरुवातीला एकाच समीक्षकाला धरून राहा. त्याची आवड कळली की त्याचे शब्द कामाला येतात.

चव कधी घेतली तेही बघा. बोर्दोत सुगीनंतरच्या वसंतातच पिंपातले नमुने चाखतात, बाटल्या भरायला बराच अवकाश असतो. तेव्हाचं 'घट्ट टॅनिन' (द्राक्षाच्या सालीबियांतला तुरटपणा) म्हणजे खोट नव्हे. जांभूळ खाल्ल्यावर तोंड आवळतं तसं ते हिरड्यांवर जाणवतं, आणि बाटलीत वर्षानुवर्षं मऊ होत जातं.

वर्णनात 'सीडर' (देवदारासारखं सुगंधी लाकूड), 'तंबाखू' वाचून बिचकू नका. बोर्दोतल्या मेदोक भागाच्या मुरलेल्या वाइनला ते वास खरोखर येतात. फक्त ग्लासात ओतल्यावर थोडं थांबा, आधी स्वतःचं टिपण लिहा, मग समीक्षकाचं वाचा.